परग्रहावरची सून आणि परळीची सोयरीक

माझं पहिलं ठरत आलेलं लग्न कसं मोडलं, हे चौसाळ्यात तुम्हाला कुणीही सांगेल. फक्त जो तो आपापलं सांगेल. कुणी म्हणेल पोराला फिट येत होत्या, कुणी म्हणेल भाऊबंदांनी कान भरले. सगळं खोटं! खरं मला माहीत, कारण मोडलं मीच. घ्या, चहा घ्या, सांगतो. हसू आलं तर बिनधास्त हसा. मीही हसतो, अर्ध्यापर्यंत तरी.

गावोगाव एसटीडीचे बूथ निघाले तेव्हाची ही गोष्ट. मी परळीला मावशीकडं राहून कॉलेज केलेलं. नोकरी काही लागेना, म्हणून चौसाळ्याला हायवेवर, स्टँडासमोर बूथ टाकला. काचेची खोली, आत फोन, पळत्या लाल आकड्यांचं मशीन आणि बाहेर गिऱ्हाईकांना बसायला बाकडं. पुण्या-मुंबईला बोलायचं म्हणजे लोक असे ओरडायचे, की फोन नसता तरी तिकडं ऐकू गेलं असतं!

पण परळीत मी कॉलेजपेक्षा जास्त वाचनालयातच शिकलो. तिथं एका कपाटात आमच्या सरांच्या कादंबऱ्या होत्या. सर म्हणजे लेखक हो! नाव घेत नाही. कधी भेटलो नाही, पाहिलं नाही, तरी आमच्यात ते 'सर'. त्यांनी एक ग्रह रचला होता आणि त्यावर ओलवा नावाची माणसं. निळसर कातडी, तीन पापण्या. पण रीतीभाती अशा, की वाटावं पलीकडच्या तालुक्यातलेच असतील. पाहुणा आला की आधी घरधन्याशी भांडणार, मग जेवणार. एका बाईला दोन नवरे, आणि सासुरवास दोघांनाही! आणि सगळ्यात मोठी रीत कोणती? नवी सून घरात आली की तिचा आवाज काढून शिंपल्यात ठेवायचा आणि शिंपला सासूच्या उशाशी. वर्षभर सुनेनं नुसतं ऐकायचं.

आता मला सांगा, असलं वाचल्यावर माणसाला झोप लागेल का?

पहिला भाग संपला आणि दुसरा काही सापडेना. ग्रंथपाल म्हणायचे, "ती भांडेवाल्या अप्पांची पोरगी घेऊन गेली." एका रविवारी ती पोरगी पुस्तक परत द्यायला आली. मी हात पुढं केला, तर तिनं पुस्तक मागं घेतलं.

"पहिला भाग वाचला का?"

"वाचला की."

"मग सांगा, सुनेचा आवाज काढून घ्यायचा, हे बरोबर का चूक?"

मी म्हणालो, "बरोबर. नव्या माणसानं आधी ऐकावं."

"मग न्हाई देत," ती म्हणाली, आणि पुस्तक पुन्हा स्वतःच्याच नावावर लिहून घेऊन गेली!

ती गिरिजा.

मग दर रविवारी आमचं भांडण. परळीला वीजकेंद्राची राख कुठंही बसते, टेबलावर, पुस्तकांवर, माणसांवर. ती आली की ओढणीच्या टोकानं टेबल पुसायची, समोर बसायची आणि सुरू! तिचं म्हणणं, ही रीत म्हणजे जुलूम, आणि सरांना तेच दाखवायचं आहे. माझं म्हणणं, असं ऐकूनच परकं माणूस आपलं होतं. मधे बसलेला बिभीषण. हा माझा वर्गमित्र, चकलांब्याचा, घरी मेंढरं. तो आम्हा दोघांकडं बघून म्हणायचा, "तुमी दोघं बी येडे हाव बे. ती माणसं निळी हायत, त्यांचं काय घेऊन बसलात?" पण पुस्तकं त्यानंही सोडली नाहीत.

प्रेमाचं एक अक्षर आम्ही कधी बोललो नाही. शपथ! बोललो ते ओलवांचंच. पण कॉलेज संपलं आणि मी गावाकडं निघालो, तेव्हा वाचनालयाच्या पायरीवर ती एकदम म्हणाली, "आमच्या घरी स्थळं बघायला लागलेत."

मी गप्प. माझा आवाज कुणी शिंपल्यात घातला देव जाणे.

मग तीच पुढं म्हणाली, "आपण दोघं बी लिंगायत वाण्याचेच. अडचण काहीच न्हाई. तुमची मावशी माझ्या आईला देवळात भेटती. मावशीलाच सुचू द्या हे स्थळ. पण एक सांगते, आपण एकमेकाला ओळखत न्हाई. पोरीनं पोरगा हुडकला असं अप्पांना कळलं, तर पोरगा सोन्याचा असला तरी नको म्हणतील."

बघा, सगळं तिनंच आखलं. मला फक्त एक काम दिलं होतं, गप्प बसायचं.

मावशीनं काम चोख केलं. गिरिजाच्या आईला स्थळ पटलं. अप्पांचा निरोप आला, आधी पोराची चौकशी करू, मग रीतसर बघायला येऊ. माझ्या आईनं भिंतींना रंग द्यायला घेतला.

अशात एके दिवशी बूथमधला फोन वाजला. बिभीषण! तो तेव्हा पुण्याकडं एका कंपनीत लागला होता.

"चौथा भाग आला बे! वाचून झाला!"

आता काय विचारता! मी दार लोटून घेतलं. लाईनीत खरखर, म्हणून तोही ओरडतोय आणि मीही. बाहेर बाकड्यावर दोन टोपीवाले येऊन बसले होते. एकाला काळा चष्मा, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यासारखा. म्हटलं, एसटीची वाट बघत असतील.

माझं एकट्याचं बोलणं बाहेर कसं ऐकू जात होतं, ते ऐका:

"न्हाई, न्हाई! सुनेचा आवाज बंद केलाच पायजे! … वर्षभर कावून? मी तर म्हणतो दोन वर्षं! … तिला काय वाटायचं ते वाटू दे! … पहिल्या सुनेचं काय झालं मग? … मेली? … परसातच पुरली? … हां, मग बरोबर हाय, तीच रीत हाय! … अन् दोन नवऱ्यांचं? … छे, छे, पोरीकडच्यांना आधी सांगत न्हाईत! लग्न लागल्यावर सांगतात!"

आणि देवा, त्याच दमात:

"चल, ठेवतो. घरी रंग चाललाय, पाहुणे येणार हायत. हो, परळीचे! पोरगी पसंत हाय आपल्याला!"

मी घाम पुसत बाहेर आलो. दोघं उठले होते.

"फोन करायचाय का?"

"न्हाई, न्हाई," काळ्या चष्म्यावाला म्हणाला. त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं, खोकला आवरतोय. दुसरा एकटक रस्त्याकडं बघत होता. एसटी आली, गेले.

समोरचा हॉटेलवाला कपबशा विसळत म्हणाला, "कसं काय, झालं का बोलणं?"

"कुणाशी?"

"आता! परळीचे अप्पा अन् त्यांचे धाकटे भाऊ, मन्मथकाका. तुजीच चौकशी करीत होते. म्या म्हणलं, पोरगं लाखात एक हाय, समोरच बसतंय. बाकड्यावर बसा अन् बघा, कसं बोलतंय!"

मी तिथंच बाकड्यावर बसलो. परळीत इतकी वर्षं राहून अप्पांना मी कधी पाहिलंच नव्हतं!

मग काय, परळीहून निरोप नाही. मावशीला फोन केला, ती म्हणाली त्यांच्याकडून काहीच बोलणं नाही. आई म्हणाली, "आरं, आखाड लागलाय. आखाडात कोण सोयरीक बोलतंय? सरू दे की." पण आईला काय माहीत, मी काय काय ओरडून बसलो होतो! मला रात्रंदिवस दिसायचं, अप्पा घरी सांगताहेत, 'पोराच्या घरच्यांनी एक सून परसात पुरलीय' आणि गिरिजा समोर उभी. तिला खरं माहीत आहे, पण ती सांगणार कशी? सांगितलं तर मला ओळखते हे कळतंय. माझ्यापायी तिच्या तोंडाला कुलूप! हे काही मला बघवेना.

बिभीषणला फोन लावला. तो म्हणाला, "त्यात काय बे? पुस्तकं घेऊन जा अन् खुलासा कर. छापलेलं हाय म्हणावं, वाचा!" त्यानं चौथा भाग एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवूनही दिला. मित्र असावा तर असा!

मांजरसुंब्याला गाडी बदलून मी परळीला उतरलो. काखेत चारी भाग, पहिले तीन बूथच्या कमाईतून विकत घेतलेले. नेमका बाजारचा दिवस. अप्पांच्या दुकानात बायकांची ही गर्दी! कुणी हंडी वाजवून बघतंय, कुणी तांब्या उलटा करून. अप्पा गादीवर, शेजारी काळ्या चष्म्याचे मन्मथकाका.

"शरणार्थ अप्पा."

"शरणार्थ. या, या. बसा," अप्पा म्हणाले. पोराला हाक मारून चहाही सांगितला!

आता तुम्हीच सांगा, ज्याला नकार द्यायचा त्याला कुणी चहा सांगतं का? पण माझं डोकं ठिकाणावर होतं कुठं? मी उभ्यानंच सुरू झालो.

"अप्पा, त्या दिवशी फोनवर मी जे बोललो ते खरं न्हाई. म्हणजे खरं हाय, पण आमच्या घरातलं न्हाई. ते परग्रहावरचं हाय!"

एका बाईनं हातातली हंडी तशीच छातीशी धरली.

"असू द्या, असू द्या," अप्पा हळू म्हणाले. "आपण मागनं बोलू."

ते मला आवरत होते हो! मला वाटलं, टाळताहेत. मी चारी पुस्तकं वजनकाट्याच्या शेजारी मांडली. "न्हाई अप्पा, तुमी वाचाच! ही बघा सून. हे बघा परस!"

"बाळा," मन्मथकाका म्हणाले, "बस जरा."

"बसत न्हाई काका! तुमचा इश्वास बसत नसंल तर गिरिजाला इचारा! तिला चारीच्या चारी… न्हाई, तीन भाग पाठ हायत! दर रविवारी याच्यावरूनच तर भांडायचो आमी वाचनालयात!"

दुकानात भांडी वाजायची थांबली.

"कोण आमी?" अप्पांनी विचारलं.

मी तोंड उघडलं.

"अगं बया!" हंडीवाली म्हणाली, आणि शेजारणीकडं बघितलं.

अप्पा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते काट्याकडं बघत म्हणाले, "पुस्तकं उचला तुमची." मघाशी 'या, या' म्हणालेला आवाज तो हा नव्हता.

मन्मथकाका मला सोडायला स्टँडापर्यंत आले. वाटेत एका हॉटेलात बसवलं. चहा आला. मी म्हणालो, "काका, माझं चुकलं. पण त्या दिवशी तुमचा गैरसमज झालता ना, तो काढावा म्हणून…"

"कुणाचा गैरसमज?"

"तुमचा. अप्पांचा. फोनवरचं ऐकून."

काकांनी चष्मा काढला. डोळे लाल होते, औषधानं की कशानं, मला कळलं नाही.

"आरं, माझ्या डोळ्यात मोतीबिंदू झाल्यापासून गिरिजाच वाचून दाखवती मला. तिन्ही भाग मी तिच्या तोंडून ऐकलेत. तू 'सुनेचा आवाज' म्हणलास तवाच मी ओळखलं. मला हसू आवरंना! मी तुझ्यापेक्षा येडा हाय त्या ओलवांचा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा घराबाहेरचा माणूस त्यांच्यावरून भांडताना ऐकला."

"अन् अप्पा?"

"अप्पाला एसटीत सगळं समजावून सांगितलं. आधी बावचळला, मग लई हसला. म्हणला, पोरगं येडं हाय, पण मनानं साफ हाय. आखाड सरला की सुपारी फोडायची, असं ठरवूनच घरी गेलतो आमी."

मी विचारलं, "मग आता?"

"घरात येऊन बोलला असतास तर मी झाकलं असतं. तू भर बाजारात बोललास. त्या बाया आता घरोघर सांगतील, अप्पाची पोरगी वाचनालयात पोराला भेटत होती. अप्पा वाईट माणूस न्हाई रे. पण त्याला रोज त्याच बाजारात बसायचंय."

एसटी लागली तेव्हा एवढंच म्हणाले, "ती सासरी गेली की मला कोण वाचून दाखवणार, कुणास ठाऊक."

मी चौथा भाग त्यांच्या पिशवीत टाकला. "गिरिजाला द्या," एवढंच निघालं तोंडातून. दिला का, तिनं वाचला का, मला आजही माहीत नाही.

दिवाळीनंतर तिचं लग्न झालं, तिकडं कर्नाटकच्या हद्दीवर कुठंतरी. मावशी जेवायला गेली होती. आल्यावर मी काही विचारलं नाही, तरी तिनं सांगितलं. हळद लागलेली गिरिजा मावशीच्या पाया पडली आणि कानाशी म्हणाली, "आखाड सरायला थोडेच दिवस राहिले होते की हो मावशी." बास. रडली नाही म्हणे.

बिभीषणला फोनवर कळवलं. तो म्हणाला, "म्याच म्हणलं बे तुला, जा म्हणून." मी म्हणालो, गेलो तर मीच ना.

पुढं मीही बोहल्यावर चढलो. बायको चांगली आहे. मघाशी चहा ठेवून गेली ती हीच, आणि हा किस्सा तिला पाठ आहे. ती म्हणते, त्या घरच्यांनी नकार दिला म्हणून मी तुमच्या वाट्याला आले.

तेवढंच तिचं चुकतं. त्या घरानं नकार पाठवलाच नव्हता हो. तो आणायला मीच तिकीट काढून परळीला गेलतो!