विमानाखालची नदी

माझ्या आतेभावाला काचबिंदू असल्याचं कळलं तोवर त्याच्या दोन्ही डोळ्यांची कडेची नजर गेली होती. तंजावरात त्याचं इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान होतं. बाजूने येणारी बस दिसली नाही म्हणून तो स्कूटरवरून पडला, तेव्हा कुठे डोळ्यांची तपासणी झाली. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. शस्त्रक्रिया झाली, डोळ्यांत थेंब घालणं सुरू झालं, तरी नजर आकसतच गेली.

त्यानंतर एका रविवारी त्याने मला घरी बोलावलं. मी त्याच्यापेक्षा थोडी मोठी. तो मला अक्का म्हणतो. मी इथल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. दुकानाचं काय करायचं ते विचारायला बोलावलं असेल, असं मला वाटलं होतं.

"अक्का, मला एक मासिक काढायचंय," तो म्हणाला.

"कसलं मासिक?"

"बाबांच्या दुकानातल्या खेळांचं. ते खेळ कसे दिसायचे ते मला अजून आठवतं. मला दिसतंय तोवर अस्कं लिहून ठेवू या."

अस्कं म्हणजे सगळं. हा आमच्या घरातल्या, तंजावरी मराठीतला शब्द. पुण्याच्या माणसाला तो कळत नाही. मी लगेच हो म्हटलं नाही. मी ग्रंथालयात काम करते, छापील मासिकांवर किती धूळ बसते ते रोज बघते. पण तो टेबलाच्या कडेवर बोट फिरवत माझ्या उत्तराची वाट बघत बसला होता, आणि मी हो म्हणून टाकलं.

बाबा म्हणजे माझे आतोबा. जुन्या बसस्टँडजवळ त्यांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. लाकडी कपाटाएवढी यंत्रं, पुढे काचेचा पडदा, एक दांडी, काही बटणं. काउंटरवर पैसे देऊन पितळेचं टोकन घ्यायचं, ते फटीत टाकलं की खेळ सुरू. आमच्या घराण्यात कचेरीत जाणारी माणसं, शेतीवर जगणारी माणसं. जावयाने असलं दुकान काढलं हे माझ्या वडिलांना फार लागलं होतं. सणावाराला आतोबा आले की वडील त्यांच्याशी पावसापाण्याचं बोलत, पण दुकानाचा विषय कधी काढत नसत. आतोबांनीही कधी काढला नाही.

मुलींनी तिथे जायची रीत नव्हती. मी जायचे ते आत्याचा डबा पोचवायच्या निमित्ताने. दुपारी दुकान रिकामं असे. आतोबा काउंटरवर जेवत, आणि आम्ही दोघं कोपऱ्यातल्या विमानाच्या यंत्रावर उभे राहायचो. या खेळाचं नाव आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. यंत्राच्या माथ्यावर तिसऱ्याच खेळाची पाटी होती. पोरं त्याला नुसतं विमान म्हणायची. विमान खालून वर जायचं, समोरून दुसरी विमानं यायची, आणि त्यांच्या गोळ्या चुकवायच्या. मी बऱ्यापैकी खेळायचे. आतोबा जेवता जेवता म्हणायचे, "पोरीचा हात थरथरत नाही." आमच्या घरात मुलीच्या हाताबद्दल असं कुणी बोलत नसे.

पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले आणि दुकान बंद पडलं. यंत्रांची लाकडं प्लायवुडच्या भावात गेली. आतोबा त्यानंतर फार वर्षं राहिले नाहीत.

मासिक आम्ही तमिळमध्ये काढायचं ठरवलं, शेवटी एक पान इंग्रजी. मराठी आम्ही दोघं एकमेकांशी बोलतो, पण त्याला देवनागरी वाचता येत नाही आणि इथे वाचणारे मोजकेच. नाव त्यानेच दिलं, 'ओट्टैक्कासु', म्हणजे भोक पडलेलं नाणं. आतोबांच्या टोकनांना मध्ये भोक होतं. छापखान्यातल्या माणसाने नाव वाचून विचारलं, "जुन्या नाण्यांचं का?" आतेभाऊ म्हणाला, "तसंच समजा."

काम असं चालायचं. जुन्या यंत्राचं सोंग घेणारा एक प्रोग्रॅम असतो, त्याला एम्युलेटर म्हणतात. जुन्या खेळाच्या चिप्समधला मजकूर वाचून त्याची फाइल केली की तो खेळ साध्या कॉम्प्युटरवर चालतो. अशा फाइली ठेवायचा हक्क कुणाला आहे हा वादाचा प्रश्न आहे. आम्ही फाइली वाटायच्या नाहीत, फक्त खेळांबद्दल लिहायचं, असं पहिल्याच दिवशी ठरवलं. तो पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन खेळ बघायचा आणि बोलायचा, मी लिहून घ्यायचे. आमचं भांडण झालं ते फोटोंवरून. कॉम्प्युटरवरून चित्र सरळ उचलून छापावं असं माझं म्हणणं. तो ऐकेना.

"तसं दिसत नव्हतं ते," तो म्हणाला. "काचेच्या जुन्या पडद्यावर रंग जरा पसरायचे. आगीचा लाल शेजारच्या काळ्यात उतरायचा. हे बघ, हे भरतकामासारखं टोचून काढलेलं दिसतंय."

"हा फरक वाचणाऱ्याला कळणार आहे का?"

"मला कळतोय ना अजून."

त्याच्या बायकोने माहेरून एक जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही आणला, आणि त्यावर खेळ लावून मी फोटो काढले. तो सांगेल तसा उजेड कमीजास्त करत राहिले. पहिला अंक निघाला तेव्हा सगळ्यात आधी आत्याने तो हातात घेतला. ती त्या दुकानात कधी गेली नव्हती. पानं उलटून ती म्हणाली, "हे असं दिसायचं होय? मग त्यांनी एकदा मला न्यायला हवं होतं."

विमानाचा खेळ मात्र सापडत नव्हता. त्याच्यासारखा एक खेळ जगभर मिळत होता, पण त्यात विमानाखाली निळा समुद्र होता. आमचं यंत्र नकली होतं. कुणीतरी मूळ खेळावरून नक्कल करताना खालची जमीन बदलली होती, आणि ती नक्कल कुणाकडेच नव्हती. मग कळलं की आतोबांचं दुकान मोडलं तेव्हा यंत्रांच्या आतले, चिप्स बसवलेले काही बोर्ड पापनाशमच्या एका गृहस्थांनी नेले होते. ते देवळांच्या उत्सवात खेळण्यांचे स्टॉल लावत. आता त्यांचे मुलगे परगावी असतात आणि ते स्वतः घरीच असतात.

आम्ही पॅसेंजर गाडीने गेलो. चढताना-उतरताना आतेभाऊ माझा खांदा धरत होता. त्या गृहस्थांनी आम्हाला कॉफी दिली आणि मागच्या शेडमध्ये नेलं. पत्र्याला भोकं पडलेली, खाली भाताची रिकामी पोती. त्यांत एका पत्र्याच्या पेटीत तो बोर्ड निघाला. आतेभावाने तो उजेडाकडे धरला आणि चिप्सवरून बोट फिरवलं.

"याच्यावरची पट्टी कुठेय?" त्याने विचारलं.

त्या काळच्या चिपच्या पाठीवर एक छोटी काचेची खिडकी असते. त्यावर कागदी पट्टी चिकटवलेली असते, कारण उन्हाने आतला मजकूर हळूहळू पुसला जातो. एका चिपची पट्टी गळून पडली होती. पेटीला झाकण नव्हतं.

"उघडीच होती का ही पेटी?"

"तशीच आली, तशीच ठेवली," गृहस्थ म्हणाले. "बिघडलंय का काही?"

"नाही," आतेभाऊ म्हणाला. "तुम्ही ठेवलीत हेच खूप आहे."

घरी आल्यावर त्याने एकेक चिप वाचणाऱ्या यंत्रात बसवली. बाकीच्या सगळ्या वाचल्या गेल्या. उघड्या खिडकीची चिप कोरी होती. खेळ सुरू झाला तेव्हा आमचं विमान, समोरची विमानं, गोळ्या, आवाज, सगळं होतं तसं होतं, फक्त खाली जमीन नव्हती. काळ्या पोकळीवर विमान उडत होतं.

तो बराच वेळ खेळला, मग दांडी सोडून बसला. "लिही," म्हणाला. इतर वेळी तो तमिळमध्ये सांगायचा. त्या दिवशी मराठीतच बोलत गेला. खाली रुंद नदी आहे. पाणी गढूळ. मध्ये वाळूची बेटं. दोन्ही काठांना ताडाची झाडं, आणि थोड्या थोड्या अंतराने पूल, त्यावरून काहीतरी हळूहळू सरकतं. तो सांगत होता तसतशी मलाही ती नदी दिसायला लागली. मी ते सगळं तमिळमध्ये केलं, आणि दुसऱ्या अंकात काळ्या चित्राखाली छापलं. इंग्रजी पानावर एक विनंती टाकली की ही नक्कल कुणाकडे असेल तर कळवा.

कळवलं एका परदेशी संग्राहकाने, पण तोवर बरेच महिने गेले होते. तेवढ्या काळात आतेभावाची उरलेली नजरही गेली होती. उजेड कुठून येतो एवढंच त्याला समजायचं. इन्व्हर्टरचं दुकान त्याने मदतनिसाच्या हवाली केलं होतं. त्या संग्राहकाने आमच्या कोऱ्या चिपची फाइल पाठवली. ती घेऊन मी आतेभावाकडे गेले आणि त्याच्या शेजारी बसून खेळ लावला.

खाली नदी नव्हती.

हिरवी शेतं होती आणि त्यांच्यामधून एक रुंद मातकट रस्ता जात होता. रस्त्यावर करड्या पट्ट्या, कडेला बुटकी गोल झुडपं. आडवे रस्ते मध्येच येऊन मिळत आणि त्यांवरून ट्रक सरकत.

"दिसतेय का?" त्याने विचारलं.

त्याचा चेहरा पडद्याच्या दिशेला होता. हो म्हणणं किती सोपं होतं. पण दुसऱ्या अंकापासून आम्ही लोकांकडून खरं काय होतं तेच मागत होतो, आणि तो माझ्या डोळ्यांवर विसंबून होता.

"जमीन दिसतेय," मी म्हटलं. "पण नदी नाही. रस्ता आहे. मातीच्या रंगाचा."

"रस्ता?"

"हो. आणि वाळू नाही, त्या पट्ट्या आहेत. पूल म्हणजे आडवे रस्ते. त्यांच्यावरून ट्रक जातात."

"ताडाची झाडं?"

"झुडपं आहेत."

खेळाचं संगीत चालू होतं, ते मी बंद केलं. आतून त्याची बायको डोकावली आणि परत गेली.

"बाबांनी सांगितलं होतं मला," शेवटी तो म्हणाला. "मी अगदी लहान होतो. स्टुलावर उभं करायचे. म्हणायचे, बघ, ही आपली कावेरी, विमान कुंभकोणमकडे चाललंय. मग मी वाळू बघितली असेल. झाडंही."

"मलाही दिसली होती, तू सांगितलंस तेव्हा."

"तू तर तेव्हा तिथेच खेळायचीस. तुला काय आठवत होतं?"

मला काहीच आठवत नव्हतं. माझं लक्ष समोरून येणाऱ्या विमानांवर असायचं. मी तसं सांगितलं. तो किंचित हसला, मग त्याने हात डोळ्यांवर धरले आणि तो रडला. आतोबा गेले तेव्हा मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले.

कॉफी आल्यावर तो पुन्हा मासिकाकडे वळला. "तिसऱ्या अंकात रस्ता छाप. मोठा फोटो. पाठवणाऱ्याचे आभार मान. आमचं चुकलं होतं असं स्पष्ट लिही."

"आणि नदीचं?"

"ती कुणी सांगितली होती ते लिही. बाबांबद्दल लिही. त्यांचं दुकान होतं, ते यंत्रं स्वतः पुसायचे, पोरांना भांडू द्यायचे नाहीत. आजवर कुठे लिहिलंय आपण हे?"

खरोखरच कुठे लिहिलं नव्हतं. दोन अंकांत खेळ होते, बोर्ड होते, पडद्यावरचे रंग होते, पण दुकान चालवणारा माणूस नव्हता. तो लेख मी लिहिला. पहिल्यांदा मराठीत लिहिला, कारण आतोबा माझ्याशी मराठीतच बोलत, आणि मग तमिळमध्ये उतरवला. तो अंक मी माझ्या वडिलांना नेऊन दिला. ते आता फार थकलेत. त्यांनी चष्मा लावून लेख शेवटपर्यंत वाचला. "चांगला माणूस होता," म्हणाले, आणि अंक उशीजवळ ठेवला.

मासिक अजून निघतं, जमेल तेव्हा. वाचक थोडे आहेत. त्यांतले काही आम्हाला फोन करून आपापल्या गावातली दुकानं सांगतात. आतेभाऊ शनिवारी ऑटोने माझ्या ग्रंथालयात येतो. आता तो खेळांच्या आवाजांवर लेख सांगतोय. टोकन पडल्याचा आवाज कसा लिहायचा यावर आम्ही अडून बसलो आहोत. मी सुचवलेला एकही शब्द त्याला पसंत नाही.