गालावर हात ठेवून इंग्रजी

पहिलीचा वर्ग कुणालाच नको असतो. रडणारी पोरं, गळणारी नाकं आणि सारखं ‘बाई, जाऊ?’ मला मात्र तोच हवा असायचा, आणि आष्टीजवळच्या आमच्या शाळेत तो वर्षानुवर्षं माझ्याकडेच होता. जूनमध्ये आईच्या पदराला लोंबकळत आलेलं पोर दिवाळीपर्यंत पाटीवर स्वतःचं नाव लिहायचं. ते पाहून पोरापेक्षा मीच जास्त फुगायचे.

मग दोन हजार सालच्या सुमारास पहिलीपासून इंग्रजी आलं. दहावीला काठावर पास होऊन ज्या भाषेला मी कायमचे हात जोडले होते, ती परत दारात उभी. हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं.

“बाई, नवे सर इंग्रजी लई फाडफाड बोलून राह्यले. पहिली त्यांना देऊ, तुम्ही चौथी घ्या.”

“मी प्रशिक्षण घेते की, सर.”

“घ्या. मंग साहेब तपासणीला आले की ठरवू.”

चौथीला नाक पुसून घ्यायला कुणी नसतं. मला रडूच आलं, पण ते मी घरी जाईपर्यंत आवरलं.

आमच्याकडे प्रशिक्षण वरून खाली यायचं. मोठ्या शहरात कुणीतरी शिकायचं, त्यानं जालन्यात शिकवायचं, तिथून परतूर, तिथून आसपासच्या शाळांचं आमचं केंद्र. टँकरचं पाणी गावात पोचेपर्यंत जेवढं उरतं, तेवढं इंग्रजी आमच्यापर्यंत आलं. ते घेऊन आलेले मार्गदर्शक सर हायस्कूलचे होते, अंगानं किरकोळ, चेहरा कायम कष्टी. सगळं प्रशिक्षण इंग्रजीतूनच द्यायचं असा वरून आदेश असल्यामुळे ते मराठीचा एक शब्दही बोलले नाहीत. ‘व्हॉट इज युवर नेम’ म्हणताना ते डावा तळवा गालावर घट्ट दाबायचे. ‘धिस इज अ पेन’ म्हणतानाही तेच.

माझ्या शेजारी बसलेले म्हातारे गुरुजी हळूच म्हणाले, “बाई, हात पाह्यला का? त्याबिगर उच्चार बराबर निघत न्हाई.”

मला ते पटलं. आदल्या वर्षीच्या प्रशिक्षणात आम्हाला बेडकासारख्या उड्या मारायला लावल्या होत्या, त्यामानानं हे सभ्य होतं. आणि विचारणार कोण? प्रशिक्षणात शंका विचारली की जेवणाला उशीर होतो. दुपारपर्यंत सगळं केंद्र गालावर हात ठेवून स्वतःचं नाव सांगत होतं. मार्गदर्शक सर आमच्याकडे जरा विचित्र नजरेनं बघत होते, पण आम्हाला वाटलं, कौतुकच असेल.

वर्गात मी ती पद्धत अगदी निष्ठेनं राबवली. हात गालावर नसेल तर इंग्रजी बोलायचं नाही. आणि खरं सांगते, पोरं बोलायला लागली. जूनपासून तोंड न उघडलेली एक मुलगी होती, ती गालावर हात ठेवून ‘माय नेम इज’ असं खणखणीत म्हणाली तेव्हा मी वर्ग सोडून बाहेर जाऊन डोळे पुसून आले.

तपासणीला साहेब आले, आणि त्यांच्या मागोमाग तेच मार्गदर्शक सर. साहेबांनी विचारलं, “व्हॉट इज युवर नेम?” सगळ्या वर्गाचे हात गालावर गेले.

“हे काय? हात खाली.”

हात खाली आले आणि वर्ग चिडीचूप झाला. साहेबांनी पुन्हा विचारलं. कुणी हूं की चूं नाही. दारात उभे असलेले नवे सर घसा साफ करू लागले. मला वाटलं, संपलं. गेली पहिली.

तेवढ्यात मागून मार्गदर्शक सर पुढे आले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, सावकाश स्वतःच्या गालावर हात ठेवला आणि म्हणाले, “गुड मॉर्निंग, चिल्ड्रन.” पोरांनी छप्पर उडवलं. मग नाव, गाव, पेन, पाटी, सगळं धडाधड आलं.

“ही कुठली पद्धत?” साहेबांनी विचारलं.

“आपलीच, साहेब. केंद्रात शिकवली. उद्घाटनाला आपणच आल्ते.”

“हां, बराबर, बराबर,” साहेब म्हणाले. “हेडमास्तर, वर्ग बाईंकडेच ठेवा. बाकीच्यांनाही शिकवू द्या त्यांना.”

दुसऱ्याच तासाला फाडफाड बोलणारे नवे सर माझ्यापुढे गालावर हात ठेवून उभे होते.

जाताना मार्गदर्शक सर माझ्याजवळ थांबले. “बाई, त्या दिवशी माझी दाढ दुखून राह्यली होती.”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. तरी विचारलं, “आता कशी आहे?”

“काढली,” ते म्हणाले. “तुम्ही हात मात्र काढू नका.”

मी काही इतकी निगरगट्ट नव्हते. दुसऱ्या दिवशी पोरांना सांगितलं की आता हाताची गरज नाही, नुसतं बोला. वर्ग गप्प. ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली, हात अर्ध्यावर आणून थांबलेली, ओठ मिटलेले. मग मीच आधी गालावर हात ठेवला.