द्वारपालाला मानपान कळत नाही

मी लहानपणापासून उंच. त्यामुळे कॉलनीच्या गणपतीतल्या नाटकांत राणी, राजकन्या, सखी यांतलं काहीच माझ्या वाट्याला आलं नाही. राजा झालेला मुलगा माझ्या खांद्याला लागायचा. मग दरवर्षी माझ्या हातात पत्र्याचा भाला देऊन मला दाराशी उभं करायचे. द्वारपाल! वाक्य एकच: "थांबा! कोण आहात आपण?" ते मी असं काही ठणकावायचे, की एका वर्षी प्रधान झालेले काका खरंच थांबले आणि पुढचं सगळं विसरले. आता पन्नाशी आली आणि मी अजून तेच काम करते आहे. फक्त आता त्याचा पगार मिळतो.

शेंद्र्याला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे, तिथलं नेटवर्क मी सांभाळते. सकाळी पडेगावहून कंपनीच्या बसनं निघायचं, अख्खं शहर पार करायचं आणि शेंद्र्यात उतरून माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटाला नमस्कार करायचा. त्या कपाटात घरघरणारा एक डबा आहे. त्याला फायरवॉल म्हणतात. कारखान्याचं नेटवर्क आणि बाहेरचं इंटरनेट यांच्यामधलं ते दार. त्या दारात मी एक प्रोग्रॅम बसवला आहे. माहितीचं येणारं-जाणारं प्रत्येक पाकीट तो आपल्या नियमांशी ताडून बघतो आणि चोराची चाल दिसली की ते जिथून आलं तो पत्ता ब्लॉक करतो. बाहेरचे चोर रोज नव्या युक्त्या काढतात, म्हणून त्याचे नियमही रोज पहाटे नवे येतात. हा माझा द्वारपाल. माझ्यापेक्षा गुणी, कारण तो कधी हसत नाही.

आता, काही पत्ते असे असतात की नियम काहीही म्हणोत, त्यांना अडवायचं नाही. त्यांची एक यादी असते, व्हाइटलिस्ट. अशी यादी आहे हे ज्या दिवशी कारखान्यात फुटलं, त्या दिवसापासून माझ्या खोलीतल्या पाहुण्यांच्या खुर्चीला उसंत राहिली नाही. आमच्याकडे पैसा, शिक्षण, शेती हे सगळं ठीक आहे, पण खरी इज्जत म्हणजे आपल्याला कुणी अडवत नाही ही. टोलनाक्यावर अडवत नाहीत, देवळाच्या रांगेत अडवत नाहीत. मग कंप्युटर कोण लागून गेला?

सगळ्यांत मोठे मानकरी म्हणजे मामा. मालकांचे मेहुणे. मालकांची मुलं त्यांना मामा म्हणतात म्हणून अख्खा कारखाना मामा म्हणतो, त्यांच्याहून वयानं मोठे फिटरसुद्धा. खरेदीचं खातं त्यांच्याकडे, शेंद्र्यात शेती आणि लेण्यांच्या वाटेवर फर्दापूरला एक लॉज. त्या लॉजमधले कॅमेरे मामा कारखान्यातल्या टेबलावरून बघायचे. काउंटरवर कोण आलं, पोऱ्या मोबाइल बघतो का टेबल पुसतो. पण कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा तिथला डबा स्वस्तातला होता आणि त्याचा पासवर्ड दुकानातून आला तसाच ठेवलेला. त्यात बाहेरचं कुणीतरी केव्हाच शिरलं होतं. तो डबा आमच्या कारखान्याच्या सगळ्या कड्या एकामागून एक वाजवून बघायचा. द्वारपालानं त्याला ब्लॉक केलं आणि मामांच्या पडद्यावरचं फर्दापूर काळं झालं.

मामा आले, खुर्चीत बसले.

"मॅडम, माझ्याच कारखान्यात माझंच लॉज अडवता व्हय?"

"मी नाही मामा, तो अडवतो. तुमच्या त्या डब्यात कुणीतरी शिरलंय."

"अहो, लॉज आहे ते! लोक शिरणारच की!"

मी हसले, तिथंच माझं चुकलं असणार. मामांना वाटलं, काम झालं.

"मग टाका आम्हाला यादीत."

"नाही."

"सगळ्यांना नका टाकू. लई गर्दी व्हईल. मला एकट्याला टाका."

"नाही, मामा."

खुर्चीवरून उठताना त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना मांडवाच्या बाहेर पंगतीला बसवलं होतं.

त्यानंतर मी भाचीच्या लग्नासाठी रजेवर गेले. तिथं वराच्या एका चुलत्यांना टॉवेल-टोपी दुसऱ्या कुणाच्या नंतर दिली गेली, म्हणून ते जेवायलाच बसेनात. अर्धं लग्न त्यांची समजूत काढण्यात गेलं. पाया पडून, पेढा भरवून त्यांना उठवलं आणि मी मनाशी म्हटलं, चला, आता कामावर गेलं की या मानपानातून सुटका.

कामावर गेले त्या सकाळी माझ्या खोलीबाहेरच गर्दी. आमचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे पुण्याजवळची एक कंपनी. तिच्या वेबसाइटवरून नंबर काढल्याशिवाय आमच्या ट्रकला तिकडं फाटकातून आत घेत नाहीत. आणि आज ती वेबसाइटच उघडत नव्हती. पहाटे नवे नियम आले होते. त्यातल्या एका भलत्याच संशयी नियमाला गिऱ्हाईकाच्या वेबसाइटमध्ये चोर दिसला होता. माल भरलेला ट्रक आवारात उभा होता आणि ड्रायव्हर खिडकीशी येऊन मान वर करून विचारत होता, "मॅडम, नंबर मिला क्या? मेरी दो दफा चाय हो गई."

मामा मालकांना घेऊनच आले.

"बघा साहेब, मी काय म्हणत होतो? हा रखवालदार येडा झालाय. गिऱ्हाईकालाच हाणून बसला! बंद करा याला."

मालक कमी बोलणारे. "मॅडम, हा बंद केला तर साइट उघडेल?"

"उघडेल. साइट उघडेल, दार उघडेल, चोराला पाटसुद्धा मांडून होईल. आपल्याच ओळीतल्या एका कारखान्याच्या फायलींना बाहेरच्यांनी कुलूप घातलं होतं, ते विसरलात का साहेब?"

मालकांनी घड्याळ बघितलं. "ट्रक संध्याकाळच्या आत निघाला तर तुमचा द्वारपाल राहील. नाही निघाला तर तो कायमचा बंद. मग मामांच्या ओळखीचा ठेकेदार सगळं बघेल."

"आणि मी?"

"तुम्हाला स्टोअरमध्ये टेबल देऊ."

स्टोअरमध्ये! नटबोल्टच्या पेट्यांमध्ये! मी पदर खोचला आणि खुर्ची पुढे ओढली. मामा पाहुण्यांच्या खुर्चीत मांडी घालून बसले आणि त्यांनी चहा मागवला. प्रयोगाला प्रेक्षक हवाच.

मी यादी उघडली. गिऱ्हाईकाचा पत्ता त्यात होताच, अगदी पहिला. मीच कधीचा लिहिलेला. मग त्याला अडवलं कसं?

पहिला संशय असा, की हा द्वारपाल यादी फक्त कामावर रुजू होताना वाचतो. मध्ये काही बदललं तर त्याला पत्ता नसतो. म्हणून त्याला रीस्टार्ट केलं. साइट बंदच.

दुसरा संशय: एकदा पकडलेल्यांना तो वेगळ्या कोठडीत ठेवतो आणि कोठडीतल्याचं नाव यादीत असलं तरी त्याला आपणहून सोडत नाही. मी गिऱ्हाईकाला हातानं कोठडीतून बाहेर काढलं आणि साइट उघडली! खोलीबाहेर टाळ्या पडल्या. मी मान झुकवून त्या स्वीकारल्या. ड्रायव्हरनं दंड थोपटले. आणि नंबर काढायला बटण दाबलं तोच साइट पुन्हा गप्प.

मामा इतके हसले की चहा बशीत सांडला. "एक बार और, मॅडम! वन्स मोर!"

त्या वन्स मोअरनंच मला वाट दाखवली. मी आत्ताच ज्याला सोडलं, त्याला यानं आत्ताच पुन्हा पकडलं. रीस्टार्ट होऊन, ताजा ताजा रुजू होऊन. म्हणजे तो माझी यादी विसरला नव्हता. तो माझी यादी वाचतच नव्हता.

मग वाचत कुणाची होता?

दारावर एका वेळी एकच यादी टांगता येते. मी दाराची सेटिंग उघडली. तिथं माझी यादी नव्हतीच. दुसरीच एक यादी टांगलेली होती आणि तिचं नाव होतं, मी खोटं सांगत नाही, "मानकरी".

मी रजेवर असताना मामांनी ठेकेदाराला बोलावून ती करवून घेतली होती. माझी यादी कुणी पुसली नव्हती, ती शहाण्यासारखी बाजूला पडून होती. आज पहाटेपर्यंत कुठल्याच नियमाला गिऱ्हाईकाचा संशय आला नव्हता, म्हणून काही बिघडलंही नव्हतं. मी "मानकरी" वाचायला लागले. मामांचं घर. मालकांचं घर. ठेकेदार स्वतः. आणि फर्दापूर. तेही नुसता लॉजचा पत्ता नव्हे. ठेकेदारानं त्या भागातले झाडून सगळे पत्ते एका ओळीत आत घेतले होते. आमच्याकडे चूलबंद आवतण देतात ना, म्हणजे घरात चूल पेटवूच नका, लहान-थोर सगळे जेवायला या, तसं फर्दापूरला चूलबंद आवतण! ज्याच्या कामावर आम्हा सगळ्यांच्या चुली पेटतात ते गिऱ्हाईक तेवढं यादीत नव्हतं.

मी मालकांना बोलावलं आणि पडदा दाखवला. मामा जरासुद्धा लाजले नाहीत.

"व्हय, केली यादी. तुम्ही नाय म्हणलात म्हणून केली. माझी माणसं आहेत ती, काय दरोडेखोर आहेत?"

मालकांनी घड्याळ बघितलं. "मॅडम, याच यादीत गिऱ्हाईकाचं नाव टाका. संपला विषय."

"बास! हे झालं शहाण्यासारखं," मामा म्हणाले. "कुणाचं मन दुखायचं नाय."

साधी गोष्ट होती. एक ओळ टाकायची, एकदा रीस्टार्ट करायचं. ट्रक गेला असता, माझं टेबल राहिलं असतं, द्वारपालही दारात राहिला असता. फक्त त्याच्या डोळ्यांवर मामांच्या मानपानाचा टॉवेल बांधलेला असता.

मी उठून उभी राहिले. मी उठते तेव्हा त्या खोलीत बसलेल्यांना जरा वर बघावं लागतं.

"नाही साहेब. ट्रक मी आत्ता काढते, पण ही यादी खाली उतरवून. मानकरी दारावर राहणार असतील तर मी आत्ताच स्टोअरमध्ये जाते. तिथं निदान कुलूप तरी खरं असतं."

"बघा बोलणं!" मामा उसळले. मग त्यांचे डोळे बारीक झाले. "साहेब, यांची यादी उघडायला लावा. यांचं पडेगावचं घर नसंल व्हय त्यात? रात्री-बेरात्री घरून काम करतात. दुसऱ्याला कायदा शिकवायचा आणि स्वतः मागच्या दारानं!"

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी यादी उघडली आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. मामांनी चष्मा लावला आणि बोट लावून वाचायला सुरुवात केली. गिऱ्हाईक. बँक. कराची साइट. आणि द्वारपालाला रोज नवे नियम आणून देणारा पत्ता, कारण एकदा या पठ्ठ्यानं नियम आणणाऱ्यालाच संशयावरून कोठडीत टाकलं होतं आणि नवे नियम येणंच थांबलं होतं. यादी संपली. मामांचं बोट रिकाम्या जागेवर थोडं पुढं गेलं आणि थांबलं.

"पडेगाव कुठंय?"

"नाही."

"मग तुम्हाला अडवत नाय?"

"अडवतो की. गेल्या दिवाळीत चांगलं ताटकळत ठेवलं होतं. मी चावी विसरल्यासारखी घरात येरझाऱ्या घालत होते."

"आणि तुम्ही गप बसलात?"

"गप कुठली? आनंदानं ओरडले. एवढा इमानदार नोकर कुणाला मिळतो, मामा?"

तेवढ्यात खिडकीतून ड्रायव्हरचं डोकं वर आलं. "साब, मैं निकलूँ, या सो जाऊँ?"

मालकांनी मामांकडे बघितलं नाही. घरी जाऊन त्यांना मामांच्या बहिणीला तोंड द्यायचं होतं, हे माझ्या लक्षात होतं, आणि त्यांच्याही. "उतरवा ती यादी," ते म्हणाले.

मी "मानकरी" खाली उतरवली, माझी यादी दारावर टांगली, द्वारपालाला पुन्हा रुजू केलं आणि गिऱ्हाईकाला कोठडीतून सोडलं. साइट उघडली. या वेळी मी टाळ्यांसाठी थांबले नाही. बटण दाबलं, नंबर आला, कागद छापून खिडकीतून दिला. ट्रक फाटकाबाहेर पडताना ड्रायव्हरनं जो हॉर्न वाजवला तो गरजेपेक्षा बराच लांब होता. आणि त्याच वेळी माझ्या पडद्यावर एक लाल ओळ उमटली. फर्दापूरचा डबा कड्या वाजवायला आला होता आणि पकडला गेला होता. पलीकडच्या खोलीतून आवाज आला, "गेलं! माझं लॉज गेलं!"

पुढचे बरेच दिवस मामा माझ्याशी बोलले नाहीत. कँटीनमध्ये मीठ हवं असलं तरी दुसऱ्याकडून मागायचे. माझी हरकत नव्हती. मी अधूनमधून मामांकडेच मोठ्यानं मीठ मागत होते, तेवढीच त्यांना माझी आठवण.

मग एका दुपारी माझ्या खोलीचं दार लोटलं गेलं. मामा होते. दोन्ही हातांत लॉजच्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी, बाळासारखं छातीशी धरलेलं. मी खुर्चीतून उठले आणि हात आडवा केला. इतक्या वर्षांनी असा प्रसंग आल्यावर मी सोडते का?

"थांबा! कोण आहात आपण?"

"अहो मॅडम, मी! मामा!"

"टॉवेलात काय आहे?"

मामांनी मागं वळून बघितलं. बाहेर दोघं-तिघं थांबले होते. मामांच्या मिशीत काहीतरी हललं, राग होता का हसू ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मग दारातच, उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून, त्यांनी टॉवेलाची गाठ सोडली आणि फर्दापूरचा डबा तपासणीसाठी पुढे धरला.