माझ्या बंबाचा बॉयलर

माझ्या लग्नातला तांब्याचा बंब मामांनी कापला, तेव्हा काही दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. मामा म्हणजे माझे सासरे. तो बंब माझ्या वडिलांनी शिरूरच्या तांबटाकडून घडवून घेतलेला. घरात गॅसचा गिझर आला म्हणून तो माळ्यावर गेला होता, एवढंच. एका दुपारी अंगणात येऊन बघते तर मामा त्याचा पत्रा ठोकून सपाट करत बसलेले. म्हटलं, मामा, विचारायचं तरी. ते म्हणाले, "इचारलं असतं तर दिला असता व्हय?" खरं होतं ते. नसताच दिला.

मामा दौंडला रेल्वेच्या शेडमध्ये बॉयलर दुरुस्तीला होते. कोळशाची इंजिनं बंद झाली, पाठोपाठ ते रिटायर झाले आणि माणूस मुका झाला. ताटाकडं बघत जेवायचे आणि उठायचे. मग दुसरीतल्या माझ्या मुलीनं एकदा विचारलं, आजोबा, वाफेवर गाडी चालते कशी? मामा जे बोलायला लागले ते भाकरी गार झाली तरी थांबेनात. तिच्यासाठी हातभर लांबीचं, खरोखर वाफेवर पळणारं इंजिन करायचं ठरलं, आणि त्याचा बॉयलर निघाला माझ्या बंबातून.

घरात बोलणं परत आलं याचा मला आनंद होताच, पण भीती त्याहून मोठी. माहेरी एकदा कुकरचं झाकण उडून छताला लागलेलं मी या डोळ्यांनी बघितलंय. मी सांगून टाकलं, हे पेटेल त्या दिवशी माझी पोरगी त्याच्या आसपास दिसता कामा नये.

वाटलं, चिडतील. पण ते म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. शेडात बी जो बॉयलर बांधायचा, त्याला तो पास करता यायचा न्हाई. बाहेरचा माणूस लागायचा. एवढ्या बारक्या बॉयलरला सरकार काय इचारत न्हाई, म्हंजी आपला नियम आपणच पाळायचा. तपासणी तुम्ही करा. तुमच्याएवढं त्याच्यावर खार खाऊन दुसरं कोण हाय?" आणि उठता उठता म्हणाले, "एक ध्यानात ठेवा. जो पास करतो, त्यानं पहिल्या वाफेला सगळ्यात जवळ उभं ऱ्हायचं. शेडातली रीत हाय ती."

घ्या. म्हणजे सुळावर मीच.

बॉयलर बांधून झाला तेव्हा शिक्रापूरला कारखान्यात असलेला माझा भाऊ दाब मोजायचं गेज घेऊन आला. बॉयलरात पाणी दाबून तो तपासायचा मामांचा हातपंप बघून त्याला हसू आलं. "मामा, ह्ये पाणी भरून पंप मारत कशाला बसताय? हायवेला पंक्चरवाल्याकडं कंप्रेसर हाय. हवा भरू, पाच मिन्टात निकाल."

"निकालच लागंल," मामा म्हणाले. "पाणी दाबलं आन् पत्रा फाटला तर पाय भिजत्यात. हवा दाबली आन् फाटला तर पाय जातो."

मग बॉयलर इकडून तिकडून कलवून, आत हवेचा बुडबुडा राहणार नाही असा पाण्यानं काठोकाठ भरला. चालवताना जेवढा दाब ठेवायचा, त्याच्या दुप्पट द्यायचा आणि गेजचा काटा हलतो का बघायचं. काटा चढला, थांबला आणि हळूच खाली घसरला. मागच्या जोडावर घामासारखा एक थेंब होता.

दसरा तोंडावर आला होता. हत्यारांच्या पूजेला मामांनी शेडातल्या जुन्या सोबत्यांना बोलावून ठेवलेलं. त्यांच्यासमोर इंजिन पेटवायचं होतं. आमचे हे मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाले, "थेंबच तर आहे. म्हातारा किती दिवसांनी हसतोय, बघ जरा." बघत होते म्हणूनच तर अडले होते. नापास म्हणावं तर माणूस पुन्हा मुका व्हायचा. पास म्हणावं तर मन धजेना. शेवटी अंगणात गेले आणि म्हटलं, "मामा, नापास."

त्यांनी थेंबाला बोट लावलं, बॉयलर फडक्यानं पुसला आणि आत नेऊन ठेवला. त्या दिवशी ते पुन्हा ताटाकडं बघतच जेवले आणि उठले.

दसऱ्याला इंजिनाची पूजा झाली ती गारच, झेंडूचा हार घालून. सोबत्यांनी मामांची चांगलीच फिरकी घेतली. "काय रं, सुनंनं गाडी अडवली व्हय?"

मामा म्हणाले, "सिग्नल पडल्याबिगर आपण कवा गाडी काढलीय का?"

मी चहा घेऊन दारातच होते. ट्रे ठेवला आणि आत जाऊन डोळे पुसले. त्यानंतर मामा पुन्हा कामाला लागले. तो जोड उकलून त्यात चांदीची झाळ वितळवून नव्यानं भरली आणि दिवाळीच्या तोंडावर बॉयलर परत माझ्यापुढं आला.

पुन्हा पाणी, पुन्हा पंप. काटा चढून थांबला. म्हटलं, कणीक मळून येते, तोवर असाच राहू द्या. कणीक मळून, हात धुऊन आले, तरी काटा जिथल्या तिथं. प्रत्येक जोडावरून कोरडं बोट फिरवलं. "पास," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

पाडव्याच्या सकाळी सगळे जमल्यावर अंगणात पाटावर इंजिन ठेवलं आणि त्याच्या पोटात बारीक कोळसे पेटवले. रीतीप्रमाणे मी सगळ्यात जवळ. पोरीचा हात ह्यांनी उंबऱ्यापाशी घट्ट धरलेला. काटा ठरल्या खुणेवर आला आणि जादा वाफ सोडणारा व्हॉल्व्ह असा काही किंचाळला की माझा भाऊ, हे, मामांचे सोबती, सगळे मागं सरले. मी मात्र जागची हलले नाही, नजर गेजवर होती. मामांनी शिकवलं होतं, व्हॉल्व्ह उघडल्यावर काटा वर जाता कामा नये. तो गेला नाही. जोड कोरडे होते. आणि चाकं फिरायला लागली.

मी मागं न बघताच म्हटलं, "सोडा तिला. ये गं, इथं माझ्यापुढं उभी राहा."

थोडं सरकून मामांनी तिला जागा केली आणि शिट्टीची दोरी तिच्या हातात दिली.