सातव्या दिवसाच्या बाटल्या

ही हकीकत सांगायचं मी तीसेक वर्षं टाळलं. गेल्या महिन्यात ताई गेल्याचं कळलं, आणि टाळायला कारणच उरलं नाही.

ताईंची रीत ठरलेली: काचेची चपटी बाटली दोन बोटांत धरायची, खिडकीच्या उजेडात तिरकी करायची, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "बऱ्या हायत." सूक्ष्मदर्शक त्यानंतर. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, यंत्राआधी वस्तूलाच विचारणारी.

ठाण्यात कोलशेतला खाडीजवळच्या एका लस बनवणाऱ्या कंपनीत मी पेशीविभागाचा प्रमुख होतो. ताई तिथल्याच कोळीवाड्यातल्या, बी.एस्सी. होऊन माझ्या हाताखाली आलेल्या. माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी आम्ही बाटल्यांत वाढवत असू. बाटली भरली की त्यातल्या थोड्या नव्या बाटलीत घालायच्या, दर तिसऱ्या दिवशी. ताज्या द्रवाचा रंग गुलाबी, शिळा झाला की पिवळा. निरोगी पेशी तळाशी फरशीसारख्या एकमेकींना लागून बसत, एकमेकींवर कधी चढत नसत.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्या द्रवात पेशींचं खाद्य म्हणून घालायच्या सीरमची, म्हणजे वासराच्या रक्तातल्या पाण्याची, टंचाई झाली. मी हुकूम काढला, बाटल्या आता सातव्या दिवशी बदलायच्या. मूळ पेशींच्या गोठवून ठेवलेल्या कुप्यांनाही हात लावायचा नाही.

"साहेब, पाचव्या दिवशीच पानी पिवळं पडतं," ताई म्हणाल्या. "एवढ्या दाटीत, आंबलेल्या पान्यात कोन राहील?"

"पेशी आहेत त्या, पाहुण्या नाहीत."

"पाहुन्या असत्या तर निघून गेल्या असत्या. ह्यांना दार कुठंय?"

सगळे हसले. मीही हसलो, पण हुकूम बदलला नाही.

काही महिन्यांनी त्यांनी बाटली माझ्या टेबलावर आणून ठेवली. "साहेब, ह्या बदलल्या. एकमेकींच्या अंगावर चढतायत."

"तुम्ही बाटल्यांची अदलाबदल केली असेल."

"नाय साहेब. ह्या आपल्याच. फक्त पयल्यासारख्या नाय ऱ्हायल्या."

मी ऐकलं नाही. पुढच्या लसीचा विषाणू त्या पेशींवर नीट वाढलाच नाही. चौकशी झाली, तेव्हा मी लिहून दिलं की तंत्रज्ञाच्या हातून दुसऱ्या पेशींची भेसळ झाली असावी. ताईंना बाटल्या धुण्याच्या खोलीत पाठवलं. सगळ्यांसमोर त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या हातून झालं नाय, साहेब." मी खाली कागदाकडे बघत राहिलो. महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला.

तपासणीला पाठवलेल्या पेशींचा अहवाल त्यानंतर आला. पेशी त्याच माकडाच्या, भेसळ नाही, पण गुणसूत्रांची संख्या बदललेली. पेशी दुभंगताना अशा चुका होतच असतात. सात दिवसांच्या दाटीत आणि आंबलेल्या द्रवात ज्या चुकलेल्या पेशी तगल्या, त्यांचंच पीक आम्ही बाटलीमागून बाटलीत पुढे नेलं होतं. म्हणजे माझ्या हुकमानं.

अहवाल मी कुणाला न दाखवता घरी नेला. दुसऱ्या दिवशी नियम बदलला. बाटल्या पुन्हा तिसऱ्या दिवशी बदलायच्या, आणि ठरावीक वेळा बदलून झाल्या की जुन्या टाकून गोठवलेली नवी कुपी उघडायची. विभाग सावरला. शाबासकी मला मिळाली.

नव्वदच्या दशकात कुणीतरी सांगितलं, ताई कल्याणच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत आहेत. अहवाल पिशवीत घालून मी गेलो. दारातच थांबलो. ताई मुलींना कांद्याच्या मुळातली गुणसूत्रं दाखवत होत्या.

"ताई, मला एक जास्त दिसतंय," एक मुलगी घाबरून म्हणाली. "पुस्तकात सोळाच आहेत."

"परत मोज. परत जास्त आलं, तर जास्त लिही. घाबरतेस कशाला गं? तू बघितलंस ना!"

मुलीनं पुन्हा मोजलं आणि वहीत सतरा लिहिलं. त्या खोलीतल्या तीन-चार मुली आज मोठ्या प्रयोगशाळांत आहेत. एकीनं तर परवा मला सांगितलं, "आमच्याकडे कुणी म्हणालं ना, पेशी वेगळ्या दिसतायत, की आधी काम थांबतं. ताईंची सवय आहे ती."

त्या दिवशी ताईंनी मला पाहिलं आणि चेहरा उजळला. "मुलींनो, हे माझे साहेब. मला सगळं काम यांनीच शिकवलं." मुली उभ्या राहिल्या. चहा आला. ठाण्याहून येताना मी वाक्य घोकलं होतं: ताई, भेसळ झाली नव्हती, चूक माझी होती, आणि ते मला ठाऊक होतं.

"साहेब, काय काम होतं का?"

"नाही हो," मी म्हणालो. "इकडे आलो होतो, म्हटलं भेटून जावं."