डाग लोखंडाचा होता

शेषराव गेल्याचं मला धाकट्या भावानं फोनवर सांगितलं. तेही बोअरची मोटर जळाली आणि सोयाबीनचा भाव पडला, या दोन बातम्यांच्या मधे. "अरे हो, तो आपला तलाववाला शेषराव गेला परवा." मी 'अरेरे' म्हणालो आणि पुन्हा मोटरीचं विचारलं. फोन ठेवल्यावर मात्र जेवणाचं ताट बाजूला सारलं. आज त्याला पाच आठवडे झाले. शेषराव माझ्या वडिलांच्या वयाचे, तरी मी हयातभर त्यांना 'ए शेषराव' अशीच हाक मारली. आता लिहिताना अहो-जाहो करतोय, त्याचीही लाजच वाटते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. देशात सगळंच खुलं झालं होतं आणि आमच्या दादांची, म्हणजे वडिलांची, कापसाची जिनिंग मिल जोरात चालली होती. पुण्याच्या एका हॉटेलात त्यांनी निळंशार पाणी पाहिलं आणि तेलगावजवळच्या मळ्यात पोहण्याचा तलाव बांधून घेतला. गावात टँकरपुढे घागरींची रांग आणि आमच्याकडे निळ्या फरशीचा तलाव! त्यात काही वावगं आहे, असं आमच्या घरात कुणालाच वाटलं नाही. पाणी मात्र आमचं ऐकेना. कधी हिरवं, कधी गढूळ, फरशीवर क्षारांचा पांढरा थर. तेव्हा कुणीतरी शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर असलेल्या शेषरावांचं नाव सुचवलं. मास्तर शिकवत आणि शेषराव मागे बाटल्या धूत. त्या धुण्यातच ते निम्मं रसायनशास्त्र शिकले होते. शाळा सुटली की सायकलवर यायचे, रंग बदलणारा कागद पाण्यात बुडवायचे, कधी सोडा घालायचे, कधी ॲसिडचे मोजके थेंब. काम झालं की चहा मिळायचा; पण त्यांची कपबशी गोठ्याच्या खिडकीत वेगळी ठेवलेली असायची. ती ते स्वतःच धुऊन परत तिथेच ठेवत. सुट्टीत घरी असलो की मी हे रोज बघायचो.

पहिल्याच दिवशी त्यांनी बोअरचं पाणी बादलीत घेतलं आणि वर चिमूटभर ब्लीचिंग पावडर टाकली. बघता बघता पाणी चहाच्या रंगाचं झालं. "बघा धाकले मालक, ह्या पाण्याच्या पोटात लोखंड हाय. एकदम पावडर टाकली की ते भायेर येतं अन् फरशीला धरतं. आदी तुरटी, मग चिमूट-चिमूट पावडर. घाई न्हाई करायची." मी वीस वर्षांचा, पुण्यात इंजिनिअरिंगला. मला हा माणूस काय शिकवणार, असं तेव्हा वाटलं होतं…

त्या मे महिन्यात माझे कॉलेजचे मित्र मळ्यावर येणार होते. तलाव नुकताच नव्या पाण्यानं भरलेला होता आणि पाण्यावर जराशी हिरवट झाक होती. शेषराव म्हणाले, चार दिवस दम धरा. मित्र दुसऱ्या दिवशी पोहोचणार होते. भर दुपारी, आसपास कुणी नाही असं बघून, मी पावडरीची अख्खी पिशवी पाण्यात ओतली. सकाळी दादा मोठ्या कौतुकानं मित्रांना तलाव दाखवायला घेऊन आले, तर पाणी विटकरी, आणि पायऱ्यांवर तपकिरी डाग.

"ह्यात उतरलं कोण?" दादांनी पाण्याकडे न बघता काठाशी उभ्या शेषरावांकडे बघून विचारलं. आदल्या दिवशी सकाळी शेषरावांनी आपल्या दोन लेकरांना तलाव बघायला आणलं होतं, हे दादांना माहीत होतं. "लेकरं घातली का बे पाण्यात?"

"न्हाई मालक. काठालाच हुबी व्हती."

"मंग पाणी कावून बाटलं?"

शेषरावांनी माझ्याकडे पाहिलं. 'पावडर मी टाकली', एवढंच मला बोलायचं होतं. मी एका मित्राची बॅग उचलली आणि घरात निघून गेलो.

तलाव रिकामा केला. मोकळ्या तलावात उतरून शेषराव आठ दिवस पायऱ्या घासत होते. एकदा मी काठाशी गेलो, तर त्यांनी अर्धं लिंबू डागावर चोळून दाखवलं. डाग फिका पडला. मग किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व पाण्यात कालवून ते कामाला लागले, बोटांना चिरा पडलेल्या तशाच. वर न बघता म्हणाले, "पाल्याचा डाग ब्लीचिंगनं जातो, लोखंडाचा लिंबानं. अंगाचा मळ आसता तर नुसत्या फडक्यानं गेला आसता. तुमाला ठावं आसलं म्हंजे झालं." त्यांनी घासून लख्ख केलेल्या त्या तलावात दादांनी पाणी सोडण्याआधी गोमूत्र शिंपडून घेतलं. मी तेव्हाही गप्प होतो. पुढे दादा गेले, तोवर गप्पच होतो.

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरच्यांना भेटायला गेलो. शेषरावांची मुलगी सुजाता नेकनूरला शाळेत विज्ञान शिकवते. तिनं रांजणातून पाणी काढलं ते हातभर लांब दांड्याच्या ओगराळ्यानं. मी बघतोय हे पाहून म्हणाली, "बाबांनी करून दिलंय. ल्हानपणी मी पाण्याला हातच लावत नव्हते."

"का?"

तिनं पाण्याचा पेला माझ्यापुढे ठेवला. "तुमच्या तलावात मी त्या दिवशी हात घातलता. एकदाच, बाबांचं लक्ष नसताना. दुसऱ्या दिवशी पाणी लाल झालं म्हणून कळलं. मला वाटलं, माझ्याच हातानं नासलं… बारावीला लोखंडाचं शिकले तवा उलगडलं. पण तवर लई वर्षं गेली. बाबांना सांगायची हिंमतच झाली न्हाई. त्यांनी पण कदी कावून म्हणून इचारलं न्हाई, नुसता दांडा लांब करून दिला."

मग मी सांगितलं. पिशवी, दुपार, बॅग उचलून आत जाणं, सगळं.

"बाबांना ठावं व्हतं?" तिनं विचारलं.

"हो. पहिल्या दिवसापासून."

तिनं ओगराळं रांजणावरच्या झाकणावर उपडं ठेवलं आणि दांड्यावरून हात फिरवत राहिली. "मी आठ वर्षांची व्हते," ती म्हणाली. "तुमी तवाच बोलला आसता तर…"

मी पेल्यातलं पाणी संपवलं आणि पेला स्वतःच धुऊन ठेवला.