बॉक्स घ्या, राव

दिघीतल्या टीव्हीच्या दुकानातला विक्रेता टीव्हीला जोडायच्या तयार बॉक्सचाच सल्ला प्रत्येकाला देतो. "बॉक्स घ्या, राव. लावला की चालू." समोरच्याचं वाक्य तो कधी पुरं होऊ देत नाही. मी टीव्हीला जोडायला छोटा कॉम्प्युटर मागितला, तेव्हा तो हसला. "पिक्चर बघायचाय का कंपनीचं काम करायचंय?"

मी त्याला पेनड्राइव्ह दिला. त्यात माझ्या बायकोचं एक जुनं चित्रण होतं. ती गेल्यापासून तिचा चेहरा डोळ्यांसमोर येतो, आवाज मात्र आता नीट आठवत नाही.

त्याने बॉक्स लावला. ती पडद्यावर आली, पोळ्या लाटता लाटता काही बोलली, पण त्या जुन्या चित्रणाचा आवाज बॉक्सला वाजवता आला नाही. त्याने पुन्हा लावून पाहिलं. मग छोटा कॉम्प्युटर जोडला, आणि तिचा आवाज आला.

"ठेवा की तो कॅमेरा! पोळी उलटा आधी, करपतीये."

त्याने उठून पंखा बंद केला. तेवढ्यात दारातून कुणीतरी रिमोटचा भाव विचारला.

"थांब, भावा," तो हळूच म्हणाला. "वहिनी बोलत्यात."